पैसे कोणाच्या हातून? सस्कॅचेवानमधले २३ दिवस

१ जुलै १९६२ हा रविवार होता. कॅनडाचा राष्ट्रीय दिनही त्याच तारखेला असतो, त्यामुळे सस्कॅचेवान प्रांतातले दवाखाने तसेही बंदच राहिले असते. पण या वेळी ते सोमवारीही उघडणार नव्हते. प्रांतात सुमारे ९०० डॉक्टर होते. त्यांतल्या बहुतेकांनी दाराला कुलूप लावून बाहेर पाटी टांगली होती. काही ठरावीक रुग्णालयांत तातडीच्या रुग्णांसाठी डॉक्टर बसले होते, तेही फी न घेता. बाकी सगळीकडे सामसूम.

त्याच दिवशी एका खेड्यातलं जोडपं ९ महिन्यांचं आजारी बाळ घेऊन गाडीतून निघालं. जवळच्या गावात डॉक्टर नाही, म्हणून पुढचं गाव. तिथेही नाही, म्हणून यॉर्कटन. रस्त्यातच बाळ गेलं. मेंदुज्वर होता. वेळेत डॉक्टर भेटला असता तर वाचलं असतं का, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पक्षाने त्या मृत्यूचं खापर दुसऱ्यावर फोडलं.

संपाचं कारण एका ओळीत सांगता येतं: त्या दिवसापासून प्रांतातल्या प्रत्येक माणसाची डॉक्टरची फी सरकार भरणार होतं. उत्तर अमेरिकेत एखाद्या सबंध प्रांताने असं करण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे सरकारी आरोग्यसेवेचा विषय निघाला की कोणीतरी कॅनडाचं नाव काढतोच. एक म्हणतो, तिथे सगळं फुकट. दुसरा लगेच म्हणतो, माझा भाचा तिथे आहे, एमआरआयसाठी कित्येक महिने ताटकळला. दोघांचंही बरोबर असू शकतं. पण ती व्यवस्था 'सरकारी' म्हणजे नेमकी कशी, हे दोघांनाही विचारलं तर गाडी अडते. कॅनडातला बहुतेक डॉक्टर सरकारी नोकर नाही. त्याचा दवाखाना त्याचा, कामाच्या वेळा त्याच्या. फक्त बिल सरकारकडे जातं. हे असं का झालं, याचं उत्तर या २३ दिवसांत आहे. कागदपत्रं वाचून माझं मत असं झालं आहे की भांडण गरिबाला उपचार मिळावेत की नाहीत यावर नव्हतंच. तेवढं दोन्ही बाजूंना मान्य होतं. भांडण होतं ते डॉक्टरचा पैसा कोणाच्या हातून यावा यावर.

गव्हाचा प्रांत

सस्कॅचेवानचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. १९६१ साली लोकसंख्या मात्र सव्वानऊ लाख. म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी शहराएवढी माणसं एवढ्या पसाऱ्यात विखुरलेली. गव्हाची शेती, सहा-सहा महिने बर्फ, आणि दोन गावांमध्ये मैलोन् मैल काहीच नाही. अशा ठिकाणी डॉक्टर टिकतच नसे. १९१५च्या सुमारास सार्निया नावाच्या एका ग्रामीण पालिकेने त्यावर तोडगा काढला: डॉक्टर गाव सोडून चालला होता, तर पालिकेने करातून त्याला वर्षाला १,५०० डॉलर देऊ केले. तो राहिला. हा 'पालिकेचा डॉक्टर' मग प्रांतभर पसरला.

पुढे १९३०च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदमच आली. धूळ उडाली, पीक गेलं, फी द्यायला कोणाकडे काही उरलं नाही. डॉक्टरांना कोंबड्या-बटाट्यांवर भागवावं लागे. १९३३ साली प्रांतातल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच आरोग्यविम्याच्या बाजूने ठराव केला होता. कॅनडाच्या राष्ट्रीय वैद्यकीय संघटनेनेही १९४३मध्ये तत्त्व मान्य केलं आणि १९४९मध्ये, हातात पैसा खुळखुळू लागल्यावर, ते सोडलं. संपाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. १९६२ साली 'गुलामगिरी' वाटणारी गोष्ट त्याच पेशाने तीस वर्षांपूर्वी स्वतःहून मागितली होती.

१९४४मध्ये टॉमी डग्लस यांचा सीसीएफ हा समाजवादी पक्ष प्रांतात सत्तेवर आला. डग्लस मूळचे बाप्टिस्ट पाद्री. लहानपणी विनिपेगला असताना त्यांच्या पायाचं हाड सडत चाललं होतं, घरची परिस्थिती बेताची, आणि पाय कापायचं ठरलं होतं. एका नामांकित शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवायला ही केस चांगली आहे म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचवला. हा किस्सा डग्लस आयुष्यभर सांगत राहिले, आणि त्यांचा मुद्दा असा असे की माझा पाय नशिबाने वाचला, हक्काने नव्हे.

सत्तेवर येताच त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले वैद्यक-इतिहासाचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना पाहणीसाठी बोलावलं. इथे मी जरा थबकलो, कारण हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानातही आले होते. सर जोसेफ भोर यांच्या समितीला सल्ला द्यायला. भोर जन्माने नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. ऐपत नाही म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे त्यांच्या समितीच्या १९४६च्या अहवालातलं मुख्य सूत्र. एकाच माणसाने काही महिन्यांच्या अंतराने दोन ठिकाणी सल्ला दिला. तिथे तो टप्प्याटप्प्याने अंमलात आला. आपल्याकडे भोर समिती स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये जाऊन बसली.

टप्पे असे. १९४६मध्ये स्विफ्ट करंट या एका विभागात सगळ्यांसाठी डॉक्टरची सेवा. १ जानेवारी १९४७पासून प्रांतभर रुग्णालयाचा विमा, माणशी वर्षाला ५ डॉलर. डॉक्टरांच्या फीला मात्र हात लावायला तिजोरीत पैसा नव्हता. १९५७मध्ये केंद्राने रुग्णालयांच्या खर्चाचा सुमारे अर्धा वाटा उचलायचा कायदा केला, तेव्हा प्रांताच्या हाती रक्कम मोकळी झाली. डिसेंबर १९५९मध्ये डग्लस यांनी रेडिओवरून योजना जाहीर केली. तिच्या तत्त्वांमधलं शेवटचं तत्त्व असं होतं की ती सेवा घेणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना, दोघांनाही मान्य असेल. पुढे हेच वाक्य त्यांच्या गळ्यात आलं.

डॉक्टरांचं म्हणणं

संपकरी डॉक्टरांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे, आणि बरेच जण तेच करतात. मला त्यांचे सगळे मुद्दे उडवून लावण्यासारखे वाटत नाहीत.

प्रांतात डॉक्टरांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या ना-नफा विमासंस्था आधीपासून होत्या. 'एमएसआय' ही त्यांतली मोठी. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं: ज्यांना परवडतं ते हा विमा घेतील, ज्यांना परवडत नाही त्यांचा हप्ता सरकारने भरावा, सगळ्यांना एकाच सरकारी गोठ्यात कशाला बांधता? शिवाय, बिल देणारं गिऱ्हाईक एकच उरलं तर भाव तेच ठरवणार. आज फी ठरवेल, उद्या किती रुग्ण तपासायचे, कोणतं औषध लिहायचं हेही सांगेल. प्रांतात ब्रिटनहून आलेले डॉक्टर बरेच होते. त्यांतले कित्येक १९४८ची तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा नकोशी होऊन देश सोडून आलेले, त्यामुळे ते सगळ्यांत कडवे.

पण हे सांगण्याची पद्धत बिघडली. १९६०च्या निवडणुकीत संघटनेने प्रत्येक डॉक्टरकडून १०० डॉलर वर्गणी काढून सरकारविरोधी प्रचार केला. चांगले डॉक्टर निघून जातील आणि त्यांच्या जागी परदेशातला गाळ येईल, अशी पत्रकं वाटली गेली. शेतकऱ्यांच्या त्या प्रांतातली निम्मी माणसं एक-दोन पिढ्यांपूर्वी परदेशातूनच आलेली होती. त्यांना ते लागणारच. सीसीएफ पुन्हा निवडून आला, पण ४१ टक्क्यांच्या आसपास मतांवर. सरकार म्हणालं, जनतेने कौल दिला. डॉक्टर म्हणाले, ५९ टक्क्यांनी विरोधात दिला. दोन्ही गणितं बरोबर.

नोव्हेंबर १९६१मध्ये कायदा झाला. हप्ता एकट्याला वर्षाला १२ डॉलर, कुटुंबाला २४. उरलेलं करातून. त्याच महिन्यात डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले आणि धग झेलायला मागे राहिले वुड्रो लॉइड, पूर्वाश्रमीचे शिक्षक, शांत, हट्टी. मे १९६२मध्ये ते प्रांताची राजधानी रेजायनाला डॉक्टरांच्या सभेत स्वतः बोलायला गेले. हुर्यो झाली. त्यांच्या देखतच विचारण्यात आलं की या कायद्याखाली काम करायला कोणाकोणाचा नकार आहे, त्यांनी उभं राहावं. जवळजवळ सगळी सभा उभी राहिली.

त्या २३ दिवसांतलं

पुढचं घाईनेच सांगतो, कारण गोंगाट जितका मोठा होता तितका तो निर्णायक नव्हता. 'आमचे डॉक्टर वाचवा' अशा समित्या उभ्या राहिल्या. त्यांत आघाडीवर होत्या लहान मुलांच्या आया, आणि त्यांची भीती खरी होती. वर्तमानपत्रं बहुतेक सगळी डॉक्टरांच्या बाजूची. विरोधी पक्षनेते रॉस थॅचर विधानसभेच्या बंद दाराला छायाचित्रकारांसमोर लाथ मारताना टिपले गेले. ११ जुलैला विधानभवनासमोर मोर्चा. आले पाचेक हजारांच्या आसपास. गाजावाजा होता त्याच्या कित्येक पट लोकांचा. त्या दिवशी वारं फिरलं.

दुसरीकडे सरकार ब्रिटनमधून विमानाने डॉक्टर आणत होतं. आणि गावोगावचे लोक, सहकारी चळवळीत मुरलेले, स्वतःची सामुदायिक क्लिनिकं उघडत होते. सस्काटूनचं क्लिनिक ३ जुलैलाच सुरू झालं ते जोन व्हिटनी-मूर आणि मार्गारेट महूड या दोन डॉक्टर बायकांच्या जोरावर. ज्या राज्यात साखर कारखाना, दूधसंघ, पतपेढी सगळं सहकारात झालं, तिथल्या वाचकाला हे चटकन कळेल: गहू साठवायची कोठारं ज्यांनी वर्गणी काढून बांधली, त्यांना दवाखाना काढणं काही जगावेगळं वाटलं नाही.

मग आले लॉर्ड स्टीफन टेलर. ब्रिटिश मजूर पक्षाचे, स्वतः डॉक्टर, तिथली राष्ट्रीय सेवा उभी राहताना जवळून पाहिलेले. खरं तर सरकारचे पाहुणे, पण मधल्या मध्ये मध्यस्थ होऊन बसले. मंत्री एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे, आणि हे दोघांमध्ये कागद घेऊन फेऱ्या मारताहेत. ओरडायचे, चिडायचे, दोन्हीकडच्या लोकांना झापायचे. मोबदला म्हणून त्यांनी फक्त उत्तरेच्या तळ्यांवर मासेमारीची एक सहल मागितली, असं सांगतात. २३ जुलैला सस्काटूनमध्ये करारावर सह्या झाल्या.

पोस्टमन

आता या करारात काय होतं, ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

डॉक्टर पगारी नोकर होणार नाही. प्रत्येक तपासणीमागे फी, पूर्वीसारखीच. संघटनेच्या दरपत्रकाच्या ८५ टक्के रक्कम योजना चालवणारा सरकारी आयोग देणार. ती डॉक्टरपर्यंत पोचण्याचे मार्ग मात्र अनेक. आयोगाला थेट बिल पाठवा. किंवा बिल रुग्णाच्या हातात द्या, तो आयोगाकडून पैसे आणून तुम्हाला देईल. किंवा योजनेच्या पूर्ण बाहेर राहून रुग्णाकडूनच घ्या. आणि एक मार्ग असा की बिल एमएसआयसारख्या जुन्या संस्थेला पाठवा. ती ते आयोगाला पाठवेल, आयोग पैसे संस्थेला देईल, संस्था डॉक्टरला.

शेवटच्या मार्गात ती संस्था करते काय? काही नाही. जोखीम तिची नाही, हप्ता तिचा नाही, दर तिने ठरवलेला नाही. इकडचं पाकीट तिकडे. विमासंस्थेचा पोस्टमन झाला. हिशेबाच्या दृष्टीने हा निव्वळ वळसा. पण डॉक्टरला येणाऱ्या चेकवर सरकारचं नाव नव्हतं, आणि २३ दिवस प्रांत वेठीला धरलेल्या माणसांना मान वर करून दवाखाना उघडायला तेवढं पुरलं. आपल्याकडे लग्नातला रुसवा काढायला मधल्या काकांना पाठवतात. काका काही आणत नाहीत, काही नेत नाहीत. पण ते गेल्याशिवाय पंगत बसत नाही.

याला मी हसलो असतो, पण मागच्या वर्षी मामांच्या अँजिओप्लास्टीनंतर एका खासगी रुग्णालयातल्या कॅशलेसच्या खिडकीसमोर चार तास बसलो होतो. डिस्चार्जचे कागद तयार, मामा शर्ट घालून पलंगाच्या कडेला, मावशींच्या हातात डब्याची पिशवी. आणि खिडकीतली मुलगी दर अर्ध्या तासाने तेच सांगायची: टीपीएकडून फायनल अप्रूव्हल यायचंय. टीपीए म्हणजे विमाकंपनीच्या वतीने बिलं तपासणारी मधली संस्था. तो टीपीए विमाकंपनीही नव्हता आणि रुग्णालयही नव्हता. तोही पोस्टमनच, फक्त पाकीट अडवून ठेवण्याचा अधिकार असलेला. सस्काटूनच्या पोस्टमनला तो अधिकार नव्हता. पैसा एकाच जागेहून निघत होता आणि दर आधीच ठरलेला होता. मला तरी दोन व्यवस्थांमधला खरा फरक इथे दिसतो, 'सरकारी' आणि 'खासगी' या शब्दांत नाही.

डॉक्टरांचं नुकसान झालं का? उलट उत्पन्न वाढलं. पूर्वी फी शंभर टक्के लावायचे, पण बुडीत किती जायचं याला हिशेब नव्हता. आता ८५ टक्के, पण प्रत्येक बिलाचे. उधारीची वही गेली.

नंतर

लॉइड १९६४ची निवडणूक हरले. दाराला लाथ मारणारे थॅचर मुख्यमंत्री झाले, आणि त्यांनी योजना बंद केली नाही. दोन वर्षांत लोकांना तिची सवय झाली होती. ते विरोधात असताना जे बोलले आणि सत्तेत आल्यावर जे केलं, त्यातलं अंतर या वादाबद्दल पुष्कळ सांगून जातं. १९६८मध्ये त्यांनी दर भेटीला दीड डॉलर रुग्णाकडून घ्यायला सुरुवात केली, लोक उगाच डॉक्टरकडे धावू नयेत म्हणून. लोक फार थांबले नाहीत. गरीब थांबले. त्यांचं डॉक्टरकडे जाणं सुमारे १८ टक्क्यांनी घटलं, असं नंतरच्या अभ्यासात आढळलं. १९७१मध्ये सरकार बदललं आणि ती आकारणी गेली.

देशभरात ही कल्पना नेली ती सस्कॅचेवानच्याच न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने. हा आयोग नेमावा अशी मागणी मुळात डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेची होती. समाजवाद्यांना तो रोखेल, या आशेने. १९६४च्या अहवालात हॉल यांनी सस्कॅचेवानचाच नमुना उचलून धरला. १९६६चा कायदा, आणि १९७०च्या दशकाच्या आरंभापर्यंत सगळे प्रांत आत. १९८४च्या कायद्याने रुग्णाकडून वरची फी घेणाऱ्या प्रांताचं केंद्रीय अनुदान तेवढ्याच रकमेने कापायची तरतूद केली.

डॉक्टरांची 'एकच गिऱ्हाईक' ही भीती मात्र पूर्ण खोटी ठरली नाही. १९९३मध्ये, कर्जात बुडालेल्या सस्कॅचेवानमध्ये रॉय रोमानो यांच्या सरकारने ५२ लहान ग्रामीण रुग्णालयांचं रुग्णालयपण काढून घेतलं. पक्ष कोणता? डग्लस यांचाच, नाव बदललेला. पैसा एकाच नळाने येतो तेव्हा नळ आवळणाराही एकच असतो. गुडघा बदलायला महिनोन् महिने थांबावं लागतं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. शिवाय १९६२ साली डॉक्टर आणि रुग्णालय एवढंच पाकिटात घातलं होतं. दुकानातून आणायची औषधं आणि दात बाहेर राहिले, ते देशाच्या योजनेत दशकानुदशकं बाहेरच.

राजस्थानात मार्च २०२३मध्ये आरोग्यहक्काचं विधेयक मंजूर झालं तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांचा पहिला प्रश्न काय होता? तातडीच्या रुग्णाला तपासायचं, ठीक, पण त्याचे पैसे कोण, कधी आणि कोणत्या दराने देणार? ४ एप्रिलला तडजोड झाली ती वेगळ्या दिशेने: ५० खाटांखालची आणि सरकारी सवलत न घेतलेली खासगी रुग्णालयं कायद्याबाहेर. सस्काटूनमध्ये सगळ्यांना आत ठेवून पाकिटाचा रस्ता बदलला होता. जयपूरमध्ये रस्त्याचं ठरलंच नाही, माणसंच बाहेर काढली.

आणि दातांचं काय झालं? डग्लस यांच्याच पक्षाच्या दबावाखाली कॅनडाच्या केंद्र सरकारने खासगी विमा नसलेल्या, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी दंतउपचारांची योजना आणली. मे २०२४पासून उपचार सुरू झाले. पैसा सरकारचा, बिलं हाताळणार सन लाइफ ही खासगी विमाकंपनी. नोंदणी सुरू झाली तर बरेच दंतवैद्य सही करायला तयार होईनात. सरकारी योजनेचा करार नको होता. मग ८ जुलै २०२४पासून मुभा देण्यात आली: नोंदणी करू नका, करार करू नका, ज्या रुग्णाचं पाठवायचं त्याचं बिल तेवढं सन लाइफकडे पाठवा.